डबा चालू असताना

“आता कुणी बोलायचं न्हाई,” प्रल्हाद म्हणाला आणि त्यानं यंत्रमागांचा मेन स्विच खाली ओढला.

माग एकदम गप्प होत नाहीत. मोटार थांबल्यावरही पट्टे थोडे फिरतात, आडवं सूत नेणारा एखादा धोटा शेवटची फेरी मारून घेतो. मग भिंतीपलीकडचा सगळा कारखाना थांबला. इचलकरंजीत माझा जन्म गेला, खटखटाटातच मी शिकले आणि शिकवलंही. पण त्या घरात मला पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला.

नंदिनी कॉटवर मांडी घालून बसली होती. नाव राजनंदिनी मुसळे, वय नऊ. तिच्या कपाळावर, टिकली लावतात त्याच्या जरा वर, एक मऊ पट्टी चिकटवलेली होती. पट्टीतून निघालेली वायर दंडाला बांधलेल्या डब्यात गेली होती. डबा कंपासपेटीएवढा. त्यावर एक हिरवा दिवा.

“मुंग्या येतात का ग?” तिची आई उज्ज्वला हळूच म्हणाली.

“आल्या की,” नंदिनी कुजबुजली. “आत्ता गेल्या.”

“गेल्या न्हाईत,” प्रल्हाद म्हणाला. “सवय झाली तुला. आत काम चालूच हाय.”

उज्ज्वला तिला टेकून लसूण सोलायला बसली. प्रल्हाद समोरच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला, देवळात बसावं तसा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या अर्ध्या तासात घरात शांतता हवी, मोठं माणूस शेजारी हवं आणि मुलीनं काहीतरी वाचत किंवा लिहीत बसावं. म्हणून मला बोलावलं होतं. मी दोन घरं सोडून राहत होते, नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले होते, आणि गल्लीतली मुलं माझ्या पडवीत अभ्यासाला येत. नंदिनीही येई. म्हणजे शरीरानं येई.

तिचं काय व्हायचं ते सांगते. सातचा पाढा म्हणताना पस्तीसपर्यंत ती छान यायची. तेवढ्यात कुंपणावरून मांजर जायचं. मग मांजर कुठल्या रंगाचं, काल त्याच्या तोंडात काय होतं, शेजारच्या वहिनींच्या घरातलं दूध तेच प्यालं का, असं करत ती उठून कुंपणापाशी पोचलेली असायची आणि पाढा इथंच बसून राहायचा. हाक मारली की ती खरोखर दचकायची. ‘मी कधी उठलो?’ असं विचारायची. आमच्याकडच्या मुली ‘आलो, गेलो’ असंच बोलतात. तिच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ मी चाळीस वर्षांत पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. पण शाळेला तो गोंधळ दिसत नव्हता, उनाडपणा दिसत होता. तक्रार यायची. प्रल्हाद मागाची चामडी पट्टी खिळ्यावरून काढायचा. माग चालू असल्यानं बाहेर काही ऐकू जायचं नाही.

शेवटी मीच मागे लागले आणि आम्ही तिला कोल्हापुरात दाखवलं. डॉक्टर सबनीस म्हणून बाई होत्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी तिला दोन-तीनदा तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, “हा आजार आहे. मेंदू लक्ष धरून ठेवत नाही. तिच्या हातात नाही ते.”

परत येताना टेम्पोत नंदिनी माझ्या मांडीवर बसली होती. तिनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

“बाई, मग मी मुद्दाम करत नव्हतो न्हवं?”

“नाही ग बाळ.”

“एकदापण न्हाई?”

“एकदाही नाही.”

तिनं पुढच्या सीटकडे बघितलं. प्रल्हाद टेम्पो चालवत होता. “पप्पा, ऐकलं का? मी मुद्दाम करत नव्हतो!”

“ऐकलं की,” तो म्हणाला. घरी गेल्यावर त्यानं चामडी पट्टी खिळ्यावरून काढली आणि कुठंतरी आत टाकून दिली. हे मला उज्ज्वलानं सांगितलं. सांगताना ती रडली.

औषध मात्र त्यानं नाकारलं. डोक्याची गोळी म्हटलं की उद्या पोरीचं लग्न कसं व्हायचं, हे त्याचं पहिलं वाक्य. मग डॉक्टरबाईंनी त्या डब्याच्या प्रयोगाचं सांगितलं. कपाळावरच्या नसेतून अगदी बारीक वीज मेंदूकडे सोडायची. दुखत नाही, भाजत नाही. उपयोग होतो की नाही, हेच बघायचं चाललं होतं. पाचसहा मुलांच्या आईबापांना एकत्र बसवून त्यांनी समजावलं.

“नीट ऐका. निम्म्या मुलांच्या डब्यात वीज असेल. निम्म्यांच्या डब्यात नसेल. सुरुवातीला जराशा मुंग्या येतील आणि मग काहीच नाही. कुणाला कुठला डबा मिळाला हे तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. ते संगणक ठरवणार. हे मान्य असेल तरच या.”

सगळ्यांनी माना हलवल्या. प्रल्हादनंही हलवली. बाहेर आल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

“बाई, ते सगळं पब्लिकसाठी असतंय.”

“म्हणजे?”

“आमच्या साडूचा मित्र हाय तिथं. शब्द टाकलाय. आपला डबा करंटवाला.”

“अरे, डॉक्टरांनाही कळत नाही म्हणाल्या ना त्या?”

“डॉक्टरला कळत नसंल ओ. डबं वाटणाऱ्याला कळतंय की!”

मी त्याला परोपरीनं सांगितलं. रेशनचं दुकान असो की शाळेचा प्रवेश, वशिल्याशिवाय खरी वस्तू मिळते हे त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो हसला. “तुमी शिक्षक माणूस, बाई. तुमास्नी न्हाई कळायचं.”

तर असा तो डबा घरात आला, आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीला प्रल्हाद माग बंद करू लागला. हे सोपं नव्हतं. कामगार आधी हसले. मग शेजारचे हसले. “मुसळ्याच्या कारखान्याला आता मधली सुट्टी असतीय,” असं कट्ट्यावर म्हणायचे. त्यानं कुणाला जुमानलं नाही. “पोरीच्या डोक्याचं काम चाललंय,” म्हणायचा. “मागाची वीज आणि तिची वीज एकात एक मिसळाय नको.” हे शास्त्र त्याचं स्वतःचं होतं. मी त्यात पडले नाही.

आणि नंदिनी सुधारली.

एका दिवसात नाही. पहिल्या काही संध्याकाळी ती नुसतीच दिव्याकडे बघत बसायची. मग एकदा तिनं मला एका दमात अख्खं पान वाचून दाखवलं. पान संपल्यावर वर बघितलं, आणि बाप समोर आहे की नाही हे पाहिलं. बाप होता. त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. तो शिकला होता सातवीपर्यंत. पुस्तकातली कोल्ह्याची गोष्ट त्याला माहीत नव्हती, म्हणून तोच पुढं काय झालं विचारायचा. “मग? गेला का पळून?” ती म्हणायची, “थांबा ओ पप्पा, वाचालोय न्हवं?” उज्ज्वला लसूण सोलता सोलता हसायची.

मग सातचा पाढा सत्तरपर्यंत गेला. पडवीतही ती जास्त वेळ बसू लागली. मांजर गेलं तर मान वळायची, पण पाय जागेवर राहायचे. शाळेतल्या बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली. त्या दिवशी प्रल्हादनं गल्लीत पेढे वाटले.

“करंट बसला,” तो प्रत्येकाला सांगत होता. “साडूनं काम केलं.”

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं. प्रयोग संपला होता. उज्ज्वला आणि नंदिनी बाहेर बाकावर बसल्या, मी आणि प्रल्हाद आत गेलो. त्यानं डबा पुसून, वायर गुंडाळून, स्वच्छ रुमालात बांधून आणला होता. आणि तो परत द्यायचा त्याचा विचार नव्हता.

“मॅडम, हा आमालाच राहू दे. पायजे तर इकत घेतो.”

डॉक्टर सबनीसांनी समोरचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, “मुसळे, तुम्हाला सुरुवातीला सांगितलं होतं, आठवतंय? आता यादी उघडली. राजनंदिनीच्या डब्यात वीज नव्हती.”

प्रल्हाद हसला. “न्हाई न्हाई. तुमची गफलत झालीया. आमचा करंटवाला हाय.”

“नाही.”

“मुंग्या येत होत्या की तिला!”

“पहिलं मिनिटभर. तेवढंच ठेवलं होतं त्यात. नंतर तो नुसता डबा.”

त्यानं रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “मग पोरगी सुधारली कशानं?”

“ते मलाही ठामपणे सांगता येणार नाही. वीज असलेल्या डब्याची मुलं आणि रिकाम्या डब्याची मुलं जवळपास सारखीच सुधारली. तुम्ही रोज तिच्याजवळ बसलात, घर शांत ठेवलंत, तिला बरं वाटणार असा तिचा आणि तुमचाही विश्वास होता. यातल्या कशाचा किती भाग, कोण जाणे. पण सुधारणा खरी आहे. ते चालू ठेवा. आणि औषधाचा पुन्हा विचार करा.”

“म्हंजे सगळ्याच पोरांनी नाटक केलं?”

“नाटक नाही.” डॉक्टरबाई पुढं झुकल्या. “आजार खराच आहे. आणि ती सुधारलीय, तेही खरंच आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.”

मीही बोलले. “प्रल्हाद, अरे तू माग बंद करत होतास, ते तिला लाभलं.”

त्यानं मान हलवली. पण ती मान मला माहीत होती. पहिल्या बैठकीत त्यानं अशीच हलवली होती.

परतीच्या वाटेवर हातकणंगल्याच्या अलीकडे त्यानं टेम्पो एका रसवंतीपाशी थांबवला. मार्च संपत आला होता, ऊन चढलं होतं. सगळ्यांसाठी रस सांगितला. आम्ही उसाच्या पाचटाच्या मांडवात बाकांवर बसलो. चरक फिरायला लागला. त्याच्या कडेला बांधलेले घुंगरू वाजत होते. नंदिनी चरकाकडे बघत पाय हलवत बसली.

“नंदे,” प्रल्हाद म्हणाला. अगदी मऊ आवाजात. “डबा बंद होता बग.”

“कुठला?”

“तुझा. पयल्यापासनं. आत काय नव्हतंच.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “दिवा लागत होता की.”

“दिवाच तेवढा. मग तू बसत कशी होतीस?”

“मला वाटलं चालूय.”

“ते झालं. पण बसत कोण होतं? डबा?”

“मी.”

“वाचत कोण होतं?”

“मी.”

“म्हंजे तुला येत होतं.”

तिला हे कौतुक वाटलं. ती हसली. “व्हय! मला येतंय.”

“म्हंजे पयल्यापासनं येत होतं,” प्रल्हाद म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं तो कुठं चाललाय ते. “प्रल्हाद, थांब,” मी म्हटलं. “असं नसतं. ताप उतरला म्हणजे आधी ताप नव्हता असं होतं का?”

“ताप औषधानं उतरतोय, बाई. हितं औषधच नव्हतं.” तो माझ्याशी चढ्या आवाजात बोलला नाही. कधीच बोलत नसे. “रोग असता तर रिकाम्या डब्यानं गेला असता का? तुमीच सांगा. गल्लीभर पेढं वाटलं मी. माग बंद ठेवलं. लोकं हसली. आणि हिला सगळं येत होतं. शाळेत बोलणी खाल्ली हिच्यापायी. हिला मारलं की मी उपाशी झोपायचो, उज्ज्वलाला इचारा. आणि हिला येत होतं.”

“आवो, लहान हाय ती,” उज्ज्वला म्हणाली.

“लहान हाय म्हणूनच इचारतोय.” तो मुलीकडे वळला. “नंदे, माझ्याकडं बग. खरं सांग. मी काय करणार न्हाई. आदी मुद्दाम करत होतीस न्हवं?”

त्या क्षणी तिनं फक्त त्याच्याकडे बघत राहायचं होतं. एवढंच हवं होतं. पण रसवाल्यानं नवा ऊस चरकात घातला, घुंगरू जोरात वाजले आणि तिची मान तिकडे वळली. उसाचा चोथा दुसऱ्या बाजूनं कसा बाहेर येतो ते ती बघत राहिली. तोंड किंचित उघडं. सहा महिन्यांपूर्वीचं तेच तोंड.

“बगा,” प्रल्हाद मला म्हणाला. “बगा, आत्ता सुदा.”

त्यानं तिला मारलं नाही. रस आला, त्यानं तिचा पेला तिच्या हातात दिला. आम्ही प्यालो. टेम्पोत बसताना नंदिनी माझ्या मांडीवर आली नाही. पुढं बापाशेजारी जाऊन बसली. इंजिनच्या आवाजात मला ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. त्यानं गिअरवरचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवलेला मात्र दिसला.

दुसऱ्या दिवशी ती पडवीत सगळ्यांच्या आधी आली.

“बाई, मी पप्पांना सॉरी म्हटलो.”

“कशाबद्दल?”

“मुद्दाम करत होतो त्याबद्दल.”

मी तिला समोर बसवलं. “नंदू, तू मुद्दाम करत नव्हतीस. मी तुला सांगितलं होतं ना?”

“पण तवा डबा चालू हाय असं तुमालापण वाटत होतं,” ती मला समजावू लागली. लहान मुलीनं म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तशी. “बंद होता ओ. मग मीच करत असणार. पप्पांनी माफ केलं. म्हटले, आता नाटक करायचं न्हाई, मग मी काय बोलणार न्हाई.”

“आणि तुला आठवतं? मांजरामागे जाताना तू मनात म्हणायचीस का, की आता मुद्दाम जाते?”

तिनं खूप वेळ आठवून बघितलं. तिच्यासारख्या मुलीसाठी तो फार मोठा वेळ होता.

“आठवत न्हाई,” ती म्हणाली. “पण करत असणार.”

त्या संध्याकाळी मी दिवेलागणीला त्यांच्या घरी गेले. पुस्तक घेऊन गेले होते. माग चालू होते. उज्ज्वला कारखान्यात सुताच्या कांड्या भरत होती, तिनं नुसती मान वर केली. प्रल्हाद दारातच भेटला. मी त्याला ओरडून सांगितलं, डबा नसू दे, अर्धा तास माग बंद कर, मी येत जाईन. तो कानाला हात लावून ऐकत होता. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “आता कशाला, बाई? आता काय रोग न्हाई तिला.” त्याच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. आत नंदिनी वही उघडून बसली होती. तिच्या डोक्यावर, खिळ्यावर, चामडी पट्टी परत आली होती. माझ्या माहितीत त्या पट्टीला पुन्हा हात लावावा लागला नाही. तिच्याखाली बसली की नंदिनी हलत नसे. वाचतही नसे. पण हलत नसे.

डॉक्टरबाईंना मी दोनदा बोलावून आणलं. दुसऱ्यांदा प्रल्हादनं त्यांना चहा पाजला आणि उज्ज्वलाला ओटी भरायला लावून परत पाठवलं. पडवीत नंदिनी माझ्याकडे सातवीपर्यंत येत राहिली. मग शाळाच सुटली.

गेल्या महिन्यात ती आली होती, लग्नाचं आमंत्रण द्यायला. आता ती उंच झालीय, बापासारखी. मी आता ऐंशीच्या घरात आहे, उठायला वेळ लागतो, तर तीच आत जाऊन पाणी घेऊन आली. येताना दोन पेल्यांऐवजी एक आणला, मग दुसरा आणायला गेली, तिथं तिला खिडकीत वाळत टाकलेली आमसुलं दिसली, ती खात परत आली. पेला आतच.

“बघा,” ती स्वतःच हसत म्हणाली. “पप्पांनी पाव्हण्यांना आधीच सांगून टाकलंय. पोरगी गुणाची हाय, फक्त जरा आळशी हाय. सांभाळून घ्या.”

“तू आळशी नाहीस, नंदू.”

“न्हाई ओ बाई, मी पयल्यापासनं तशीच. तुमाला म्हाईत न्हाई का?” आपली उंची किंवा आपलं गाव सांगावं, तशा सहज आवाजात ती म्हणाली. तिला वाईट वाटलेलं नव्हतं. माझ्याकडे बघून तिनं पत्रिकेवर हळदीकुंकू लावायला घेतलं आणि बोट कुंकवात तसंच ठेवून ती रस्त्यावरच्या कुठल्यातरी गाडीकडे बघू लागली.

तेवढ्यात वीज गेली.

आमच्या गावात वीज जाते तेव्हा दिवे गेलेले नंतर कळतात. आधी आवाज जातो. या गल्लीतले, पलीकडच्या गल्लीतले, नदीपर्यंतचे सगळे माग एकेक करून थांबले. एखादा धोटा शेवटची फेरी मारून घेत होता, तोही थांबला. घड्याळ ऐकू येऊ लागलं.

नंदिनीची पाठ ताठ झाली. तिनं खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घातली. कुंकवाचं बोट उचलून तिनं कपाळावर, टिकलीच्या जरा वर, अलगद टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं. तिला ते कळलं असेल असं मला वाटत नाही. तिनं समोर बघितलं, जिथं कुणीतरी खुर्चीत बसलेलं असावं तिथं. तिथं मी होते.

मी शेजारचं पुस्तक उचललं आणि उघडून तिच्या पुढ्यात धरलं. तिनं वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज हळू होता, कुठं अडखळत नव्हता. पान संपलं तसं मी उलटलं. पुढचं संपलं, तेही उलटलं.

मग वीज आली.